तिसरी हाक

हाक मारली तरी वळून न बघणारी माणसं मला मुळीच सहन होत नाहीत. कान आहेत, मान आहे, मग फिरवायला काय जातं? आणि माझ्या नशिबी नेमका असा माणूस आला, की ज्याला व्हरांड्याच्या या टोकावरून हाक मारावी आणि त्याने त्या टोकाला जाऊन शांतपणे दार लावून घ्यावं. कंपनीत सगळे म्हणायचे, शिष्ट आहे. मीही म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. माझ्या जिभेला हाड नाही हे शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

पाठीमागे त्यांना सगळे स्वेटरसाहेब म्हणत. आमच्या विभागात एक खोली कायम गार ठेवावी लागे आणि हे दिवसातला निम्मा वेळ त्या खोलीत. बाहेर आले की स्वेटर काढायचं विसरायचे. भर उन्हाळ्यात, लोक वर्तमानपत्राने वारा घेत असताना, हे बसच्या रांगेत राखाडी स्वेटर घालून उभे. कोपरावर रफू, आणि रफूवर पुन्हा रफू. त्यांचं काम लेझर बनवायचं. मी त्या विभागाची स्टोअरबाई. गॅसच्या टाक्या, मास्क, हातमोजे, नटबोल्ट, सगळं माझ्या ताब्यात. माझ्या परवानगीवाचून तिथला एक वॉशर हलत नसे, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते.

लेझर म्हटलं की लोकांना ती लाल टिकली आठवते, भिंतीवर नाचवली की मांजर मागे धावतं ती. आमचं प्रकरण तसलं नव्हतं. आमचा लेझर खोलीभर पसरलेला, नळ्या, टाक्या आणि चाकं असलेला, आणि विजेवर नाही तर रसायनांवर चालणारा. त्याचा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही, पण मनगटाएवढं जाड पोलाद कापतो. शिवाय तो केसाएवढ्या बारीक काचेच्या तारेतून लांबवर नेता येतो. एखादं जुनं वीजकेंद्र पाडायचं आहे, आत माणूस पाठवायची सोय नाही, तर यंत्र बाहेर ठेवायचं आणि नुसती तार आत सरकवायची. साहेबांना तो अशा कामांसाठी हवा होता. लढाईबिढाईचं कुणी बोललं की ते उठून जायचे.

मला हे सगळं समजावलं ते वहिनींनी. वहिनी म्हणजे साहेबांच्या पत्नी, आमच्याच विभागात केमिस्ट. मी नवीन होते, क्लोरीनच्या टाकीला लांबून वळसा घालून जायचे, तेव्हा त्यांनी मला स्टोअरच्या पायरीवर बसवलं आणि म्हणाल्या, "हे बघ, घाबरायच्या आधी समजून घे. पेरॉक्साइड आणि पोटॅशचं द्रावण गारेगार करायचं आणि त्यात क्लोरीन सोडायचा. त्यातून ऑक्सिजन निघतो, पण साधा नाही. चिडलेला. धुसफुसत बाहेर पडतो. लगेच आयोडीन भेटलं तर सगळा राग त्याच्यावर काढतो, आणि आयोडीन तो राग प्रकाश करून टाकून देतं. पण वाटेत उशीर झाला, नाहीतर पाण्याची वाफ मध्ये आली, तर राग तिथल्या तिथे शांत होतो. मग हाती राहतो नुसता गरम वारा."

"म्हणजे अगदी माझ्यासारखा," मी म्हटलं.

"तुझा राग कुठे वाटेत शांत होतो?" वहिनी म्हणाल्या, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की साहेब गार खोलीच्या दारातून डोकावून गेले.

त्या वाटेवर साहेबांचा सगळा जन्म गेला. सोडलेल्या क्लोरीनपैकी कामी किती आला आणि फुकट किती गेला, हा एकच प्रश्न. वरून ते व्हॅक्युमचे पंप. शेजारच्या शेडमध्ये हे अजस्र पंप अखंड घोंघावायचे आणि वीज खायचे. साहेब म्हणायचे, पंप निम्म्यावर आले तरच कुठला कारखाना आपल्याला दारात उभं करेल, नाहीतर आपण नुसती हौस करत बसलोय. जुन्या पद्धतीत क्लोरीनचे बुडबुडे द्रावणातून वर यायचे. वहिनींचं म्हणणं, यातच सगळा राग जिरतो. बुडबुड्यांऐवजी द्रावणाचाच फवारा करा, सुईएवढ्या भोकांतून खाली सोडा, आणि क्लोरीनला त्यातून पळवत न्या. साहेबांना हे पटायला फार दिवस लागले. पटल्यावर मात्र त्यांनी दुसरं काही केलं नाही.

त्या चिडलेल्या ऑक्सिजनला स्वतःचा एक रंग असतो. पुसट लाल. राखेखालचा निखारा असावा तेवढाच. नळीला काचेची एक लहान खिडकी होती, दिवे घालवून बसलं आणि डोळे अंधाराला सरावले की दिसायचा. मोजायची उपकरणं होती, तरी साहेब प्रत्येक वेळी दिवे घालवून त्या खिडकीसमोर बसायचेच. "आज बरा आहे," म्हणायचे, किंवा, "आज फिका आहे." तेवढंच त्यांचं बोलणं.

क्लोरीन एकट्याने सोडायचा नाही, हा नियम सगळीकडेच असतो. आमच्याकडे त्यात वहिनींनी भर घातली होती. एकदा एक फिटर आत नळीशी वाकून काम करत होता आणि त्याचा मास्क सरकला. बाहेरच्याला वाटलं, गडी कामात आहे. नशीब म्हणून तो फिटर वाचला, खोकत खोकत घरी गेला आणि परत आमच्या विभागात आला नाही. दुसऱ्या दिवशी वहिनींनी नियम केला. एकाने आत यंत्रापाशी बसायचं, दुसऱ्याने बाहेर भिंतीपाशी, मुख्य व्हॉल्व्हवर हात ठेवून. बाहेरच्याने इंटरकॉमवर विचारायचं, "आहात का?" आतल्याने म्हणायचं, "आहे." ठीक आहे, चालू द्या, ऐकलं, असलं काही नाही. फक्त आहे. तीन हाका मारून उत्तर आलं नाही तर व्हॉल्व्ह बंद. आधी जाऊन बघायचं नाही, विचार करत बसायचं नाही. आधी व्हॉल्व्ह, मग माणूस.

बाहेरच्या स्टुलावर नेहमी वहिनीच बसायच्या. लोखंडी स्टूल टोचतं म्हणून त्यांनी जुन्या पडद्याची उशी शिवून घातली होती. मी कितीदा तरी तिथून जाताना ऐकलंय. "आहात का?" "आहे." "आहात का?" "आहे." असा संसार मी दुसरा पाहिला नाही.

एकदा त्यांच्या घरी जेवायला गेले होते. वहिनी स्वयंपाकघरात, साहेब गॅलरीत, आणि वहिनींनी आतूनच हाक दिली, "आहात का?" गॅलरीतून, "आहे." मला हसू आवरेना. "अहो वहिनी, घरात कसला आलाय क्लोरीन?"

"असू दे गं," त्या म्हणाल्या. "उत्तर द्यायची सवय घरी मोडली, की तिथेही मोडते."

वहिनी आजारी पडल्या आणि मग घरी काही आल्या नाहीत. दवाखान्यात डोळे मिटून पडल्या पडल्या त्या विचारायच्या, आहात का, आणि साहेब खुर्चीतून म्हणायचे, आहे. मी माझ्या कानांनी ऐकलंय. मग एके दिवशी विचारणारं कुणी राहिलं नाही.

साहेबांची लेक आली, राहिली, आणि परत परदेशी गेली. तिचा तिकडे संसार, नोकरी, तिचं काय चुकलं? रविवारी फोन करते म्हणे. साहेबांचं बोलणं म्हणजे, ठीक, ठीक, हो, ठीक. अशा माणसाशी फोनवर बोलणार तरी काय कप्पाळ!

नंतर एकदा काही सामान पोचवायला मी त्यांच्या घरी गेले. बेल वाजवली. आत दिवा होता, पावलं ऐकू येत होती, पण दार काही उघडेना. पुन्हा वाजवली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बेलवरून बोटच काढलं नाही, तेव्हा कुठे दार उघडलं, तेही चेहऱ्यावर अशी मुद्रा, जसं काही मी चुकून आले आहे. आत टेबलाला दोन खुर्च्या. एकीवर वर्तमानपत्रांची रास. दुसरीवर वाळलेला टॉवेल. म्हणजे हा माणूस बसून जेवतच नव्हता. ओट्यावर एक ताटली, एक पेला, एक चमचा, धुऊन पालथे. मी मनात म्हटलं, बघा, शिष्टपणा घरीसुद्धा सुटत नाही. आणि घरी येऊन का कोण जाणे मलाच जेवण गेलं नाही.

माझं म्हणाल तर मीही एकटीच राहते. वरच्या मजल्यावर चार दारं आहेत, त्यातलं टोकाचं माझं. भाऊ-भावजय दुसऱ्या गावी. कुणाची कटकट नाही, कुणाचं ऐकून घ्यायचं नाही, एकदम मस्त. मी सगळ्यांना तसंच सांगते.

साहेबांनी फवाऱ्याचं काम एकट्यानेच पुढे रेटलं. हजारो भोकं असलेली ती जाळीची पट्टी त्यांनी पुन्हा पुन्हा करवून घेतली. एक वाकडी, एकीची भोकं बुजली, एक गळकी. वर्कशॉपवाल्यांनी हात टेकले. साहेब नवीन चित्र काढून पुन्हा दारात हजर. आणि नेमकी ती पट्टी जमून आली, तोवर बाजारच बदलला होता. विजेवर चालणारे नवे लेझर आले होते. कपाटाएवढे. ना क्लोरीन, ना पंप, ना गार खोली. बटण दाबा आणि कापा. मोठ्या साहेबांनी आमचा विभाग बंद करायचं ठरवलं. माणसं भराभर दुसरीकडे गेली. पंपवाला जाताना रडला आणि चहाची किटली घेऊन गेला. सोमवारी भंगारवाला येणार होता. माझ्याही नोकरीचा तो शेवटचा दिवस होता.

एक आशा मात्र होती. जुनी वीजकेंद्रं पाडणारी एक कंपनी होती, त्यांना फार जाड पोलाद दुरून कापायचं होतं. त्यांनी कळवलं होतं, फवारा लावून पूर्ण ताकदीचा प्रकाश एकदा काढून दाखवा, आकडा दाखवा, आम्ही यंत्र उचलून नेतो, तुम्हालाही घेऊन जातो. फक्त एकदा. मोठे साहेब म्हणाले, शनिवारी घ्या, पण नियमाने घ्या. दोन माणसं लागतील, दोघांकडे मास्कच्या प्रशिक्षणाचा दाखला पाहिजे. आणि इथेच घोडं अडलं. दाखलेवाली दोनच माणसं शिल्लक होती. साहेब, आणि मी.

ते स्टोअरच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत स्वतःहून पहिल्यांदाच.

"स्टोअरबाई, शनिवारी दुपारी थांबाल का?"

"मी? मला नाही जमायचं. मी टाक्या मोजणारी बाई, मला त्या स्टुलावर बसवता?"

"फक्त विचारायचं आहे. आणि व्हॉल्व्ह धरून बसायचं."

"आणि उत्तर आलं नाही तर?"

"बंद करायचा."

"अहो, शेवटची फेरी आहे तुमची! द्रावण एकदाच पुरेल एवढं आहे, पेरॉक्साइडचा एकच कॅन राहिलाय माझ्याकडे. मी बंद केला तर संपलंच की सगळं."

"तरी बंद करायचा," साहेब म्हणाले. "तिचा नियम आहे."

वहिनींचं नाव काढल्यावर माझं काय चालणार? मी हो म्हटलं. वरून चार शब्द सुनावलेही, की मास्क नीट घाला, स्वेटर काढा, बाह्या अडकतील. त्यांनी स्वेटर काढला नाही.

शनिवारी दुपारी कंपनी रिकामी होती. मोठे साहेब आपल्या खोलीत, दुसऱ्या इमारतीत. गार खोलीत द्रावण करायचं काम वहिनींचं असायचं, ते आज साहेब करत होते, हळूहळू, पोटॅश जरा जरा सोडत, डोळा तापमानावर. एकदम सोडलं तर उकळी फुटते. मी दारातून बघत होते. त्यांचे हात वहिनींसारखे चालत होते. मला गलबलून आलं, मग मी विनाकारण एका नळीवर खेकसले.

पंप सुरू झाले. मी स्टुलावर बसले. उशी अजून तिथेच होती, एका बाजूला दबलेली, वहिनी बसायच्या त्या बाजूला. मी त्या बाजूने बसले नाही.

"आहात का?"

"आहे." इंटरकॉममधून खरखरीत, पण लगेच.

यंत्र गार झालं. फवारा सुरू झाला. "आहात का?" "आहे." आवाजात जरा धार होती, मला बरं वाटलं. आतले दिवे गेले, दाराच्या फटीतली उजेडाची रेघ गेली, म्हणजे साहेब खिडकीसमोर बसले. मी व्हॉल्व्ह उघडला. क्लोरीन आत जायला लागला. आता तो लाल उजेड यायचा, तो स्थिर झाला की साहेब आयोडीन सोडणार, आणि मग प्रकाश, मग आकडा, आणि मग हा माणूस सोमवारी भंगारवाल्याच्या तोंडाकडे बघत उभा राहणार नाही. माझा जीव टांगणीला लागला होता.

"आहात का?"

काही नाही. पंपांचा घों घों.

मी म्हटलं, कामात असतील. मग माझं मलाच आठवलं, त्या फिटरच्या वेळी बाहेरच्याला हेच वाटलं होतं. मी बटण जोरात दाबलं. "साहेब, आहात का?"

काही नाही.

बंद केला तर त्यांचा जन्म वाया. नाही केला, आणि आत ते पडले असतील तर? मी तिसऱ्यांदा हाक मारली ती हाक नव्हतीच, मी किंचाळले. "आहात का हो!"

काही नाही. हात व्हॉल्व्हवर होता आणि फिरत नव्हता. खरंच सांगते, मला वाटत होतं, अजून एकदा, फक्त अजून एकदाच. चौथी हाक मारू नये असं तर कुणी सांगितलं नाही ना? पण वहिनी पायरीवर बसून सांगताहेत असं ऐकू यायला लागलं, आधी व्हॉल्व्ह, मग माणूस. मी व्हॉल्व्ह फिरवला. पूर्ण, घट्ट. मग मास्क चढवला आणि दार ढकललं.

आत अंधार. साहेब पडलेले नव्हते. खुर्चीत ताठ बसले होते, मास्क गळ्यात, तोंड खिडकीकडे. खिडकीत अजून लाल होता. मी तो इतका कधी पाहिला नव्हता, साहेबांच्या चष्म्यावर, स्वेटरवर, हातांवर पडला होता. माझ्यासमोरच तो विझत विझत गेला.

मी दिवा लावला आणि मास्क ओढून काढला. "कान फुटले का तुमचे? मी तिथे मेले, आणि तुम्ही बसलात मजा बघत!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग इंटरकॉमकडे, मग उपकरणांच्या काट्यांकडे. सगळे काटे शून्यावर येत होते. काय झालं ते त्यांना कळलं. मी बघत होते, कळताना.

"किती हाका मारल्यात?"

"तीन."

"मग बरोबर केलंत."

बरोबर केलंत! त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला रडू कोसळलं आणि रडताना राग जास्तच आला. "ऐकू आलं नाही का तुम्हाला?"

पंप चालूच होते, उगाच.

"आलं," ते म्हणाले. "तिन्ही वेळा आलं."

"मग?"

"हाक मला आहे असं वाटलंच नाही." ते आपल्याच हातांकडे बघत बोलत होते. "मी लाल बघत होतो. असा कधीच आला नव्हता, तिला दाखवायला हवा होता. आणि मागे कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं. घरी असंच असतं ना. जिन्यात, शेजारी, खाली रस्त्यावर. दिवसभर हाका चालू असतात. त्यात आपली एकही नसते. मग ऐकायचं सुटतं."

आम्ही दोघांनी मिळून पंप बंद केले. द्रावण टाकून दिलं, एकदा फवारून गेलेलं द्रावण पुन्हा कामाला येत नाही.

सोमवारी मोठ्या साहेबांनी विचारलं, काय झालं? मी तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, "बाईंनी नियम पाळला. उत्तर मी दिलं नाही. चूक माझी."

"म्हणजे आकडा काहीच नाही?"

"प्रकाशापर्यंत पोचलोच नाही. नाही."

लाल कसा होता ते त्यांनी सांगितलं नाही. ते सांगून काही उपयोगही नव्हता. लाल बघून कुणी यंत्र विकत घेत नाही. दुपारी भंगारवाले आले आणि त्यांनी साध्या गॅसच्या ज्योतीने आमच्या यंत्राचे तुकडे केले. पोलाद कापायला जन्माला घातलेलं यंत्र, आणि त्यालाच कापत होते, बिड्या ओढत, गप्पा मारत. साहेब शेवटपर्यंत उभे राहून बघत होते. त्यांनी नेलं काहीच नाही. मी स्टुलावरची उशी उचलून पिशवीत टाकली. ती स्टोअरची नव्हतीच.

घरी बसल्यावर माझ्या डोक्यातून ते जाईना. त्यात एकही आपली नसते म्हणे! असं कुठे असतं का? एका संध्याकाळी मी तिरमिरीत त्यांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मीही हट्टाची. तिसऱ्यांदा उचलला.

"कोण?"

"आहात का?"

पलीकडे इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही की मला वाटलं, ठेवला. मग आवाज आला, "आहे."

मी फोन ठेवला. दुसरं काय बोलायचं होतं? दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. मग रोजच. दिवेलागणीला. आहात का, आहे, बस्स. हळूहळू ते दुसऱ्या घंटीला उचलायला लागले, मग पहिल्या. हवापाण्याच्या गप्पा नाहीत, जेवलात का नाही, तब्येत कशी नाही. माझ्या भावजयीला सांगितलं तर ती म्हणाली, हे कसलं गं बोलणं? मी म्हटलं, तुला नाही कळायचं.

मग मला ताप भरला. साधाच, पण अंगातून सगळा जीव काढून घेणारा. औषध घ्यायची, झोपायची, उठायची, पुन्हा झोपायची. फोन कुठे कपड्यांखाली गेला होता, शुद्ध कुणाला होती? किती संध्याकाळी गेल्या तेही मला नीटसं कळलं नाही.

एका दुपारी मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. बाहेर जिन्यात कुणीतरी हाक मारत होतं. "आहात का?" मला स्वच्छ ऐकू आलं. मी मनात म्हटलं, मधल्या दारात पाहुणे आले असतील. त्यांच्याकडे सारखं येणंजाणं असतं. मी पांघरूण कानावर ओढलं.

"आहात का?" पुन्हा. कुणीतरी दारही ठोठावत होतं.

मला संताप आला. अहो, द्या ना उत्तर! काय माणसं असतात एकेक, एवढा बिचारा घसा कोरडा करतोय, तर वळून बघायला काय जातं? घरात आहात, कान आहेत, मग?

"आहात का हो!"

तिसरी हाक फाटली होती. धाप लागलेल्या म्हाताऱ्या माणसाची होती. आणि तेव्हा कुठे मला कळलं की ठोठावतात ते दार माझं आहे.

"आहे!" मी ओरडले. आवाज निघेना, तरी ओरडले. "आहे, आहे हो! आले!" चपला सापडेनात, भिंत धरत धरत मी दारापर्यंत गेले आणि कडी काढली.

साहेब समोर उभे होते. भर उन्हातून आलेले, अंगात स्वेटर, घामाने चिंब, एक खांदा दाराकडे वळवलेला, आता तोडणारच अशा बेताने. मला बघून त्यांनी खांदा खाली घेतला.

"ऐकू आलं नाही का?" ते म्हणाले.

"आलं," मी म्हटलं. "तिन्ही वेळा आलं."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही.